शब्दांची चौकशी: देवांची तिन्हीसांज आणि एक जुनं पोस्टकार्ड

या खेपेला निवडलेली दोन्ही पत्रं आइसलँडच्या वाटेवरची आहेत. एक नागपूरहून आलंय, एक सांगलीहून. आधी छोटं घेते, कारण त्यातला एक नियम मोठ्यासाठी लागणार आहे.

प्रश्न: एका मालिकेत 'वॅल्किरी' नावाच्या योद्ध्या स्त्रिया पाहिल्या. रणात मेलेल्या वीरांना त्या स्वर्गात घेऊन जातात. म्हणजे आपल्या अप्सराच ना? शब्दाचा अर्थ काय?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

अप्सरांची आठवण झाली यात तुमचं काही चुकलं नाही. युद्धात पडलेल्या शूराकडे 'हा माझा नवरा, हा माझा नवरा' म्हणत अप्सरा धावत येतात, असं महाभारतातच आहे. पण अप्सरा येतात त्या वीर मेल्यावर. वॅल्किरी त्याच्या आधी येते, आणि मरायचं कोणी हे ठरवते.

ते शब्दातच आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे आइसलँड-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत, तो 'वाल्क्युर्या' असा. 'वाल्र' म्हणजे रणात पडलेले, सगळे मिळून. 'क्युर्या' म्हणजे निवडणारी. पडणाऱ्यांची निवड करणारी ती वाल्क्युर्या, आणि निवडलेल्यांचा वाडा तो वाल्हाला. त्यातला 'वाल' हाच. 'निवडणे' याचा नॉर्स धातू 'क्योसा', इंग्रजीतला 'चूज' त्याचा भाऊ, आणि आपल्या संस्कृतातला 'जुष्', म्हणजे आवडीनं घेणे, हाही त्याच घरचा. संस्कृतात जिथे 'ज' किंवा 'ग' असतो तिथे या उत्तरेकडच्या भाषांत पुष्कळदा 'क' येतो. जानु म्हणजे गुडघा, जर्मनमध्ये 'क्नी'. युग म्हणजे मुळात बैलांच्या मानेवरचं जू, इंग्रजीत 'योक'. याकोब ग्रिमनं १८२२ साली हा हिशेब नीट मांडला, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला तो. हा 'ज'चा 'क' लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागेल.

आणि या बायका फार गोड आहेत अशी समजूत असेल तर न्यालच्या सागेतलं, म्हणजे आइसलँडच्या एका जुन्या गद्यकथेतलं, एक गाणं ऐका. १०१४ साली डब्लिनजवळ क्लॉनटार्फची लढाई झाली. त्या दिवशी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला एका माणसानं बारा स्वार एका घरात शिरताना पाहिले. त्यानं खिडकीतून डोकावलं, तर आत बायका मागावर विणत बसलेल्या. माणसांच्या आतड्यांचा ताणा, ताणा ओढून धरायला खाली लटकवलेली मुंडकी, आणि ठोकायला तलवार. विणता विणता गातायत, कोण मरणार ते. मेनका-रंभेला त्या घराच्या पायरीवरसुद्धा उभं राहवलं नसतं.

प्रश्न: माझा नातू संगणकावर एक खेळ खेळतो, त्यात 'रॅग्नारॉक' हा शब्द सारखा येतो. व्हॉट्सॲपवर आलं होतं की तो मूळचा संस्कृत, 'रजनी' अधिक 'अर्क', म्हणजे सूर्याची रात्र. माझ्याकडच्या एका जुन्या दिवाळी अंकात मात्र 'देवांची तिन्हीसांज' असा अर्थ दिलेला आहे. खरं काय? शिवाय उच्चार कसा करावा? मी 'राग्नारॉक' म्हणतो तर नातू हसतो.
(एक आजोबा, सांगली)

आजोबा, तो दिवाळी अंक १९८३चा असेल, तर लेख माझाच. त्यामुळे हे उत्तर देताना मी न्यायाधीशही आहे आणि आरोपीही.

रॅग्नारॉक म्हणजे नॉर्स पुराणकथांतला देवांचा आणि जगाचा शेवट, एवढं धरून चला. आधी व्हॉट्सॲप उरकते. 'रजनी' अधिक 'अर्क' यांचा संधी 'रजन्यर्क' होतो, हे आठवीतलं पोरही सांगेल. ज्यानं तो निरोप रचला त्यानं निदान व्याकरण तरी पाहायचं होतं. पण संस्कृतचा संबंध अगदीच नाही असंही नाही. तो आहे, आणि भलत्याच दारानं आत आलाय. त्या दाराशी पोचायला मला आधी माझी चूक सांगावी लागेल.

मी जर्मन शिकले पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि पुढं तीसेक वर्षं शिकवलं. जर्मन शिकणाऱ्याला संगीतकार वाग्नर चुकत नाही. त्याच्या चार संगीतनाटकांच्या मालिकेतलं शेवटचं १७ ऑगस्ट १८७६ला बायरॉइटला पहिल्यांदा रंगमंचावर आलं. ते चार तासांहून जास्त चालतं, आणि शेवटी देवांचा वाडा जळतो. त्याचं नाव 'ग्योटरडेमरुंग'. 'ग्योटर' म्हणजे देव, अनेकवचनी. 'डेमरुंग' म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यामधली वेळ. गंमत म्हणजे या नाटकाचं पहिलं नाव 'सीगफ्रीडचा मृत्यू' असं होतं, साधं आणि सरळ. नंतर ते बदललं. मी त्या नव्या नावाचं मराठी केलं 'देवांची तिन्हीसांज', आणि स्वतःवर इतकी खूश झाले की लेखाचा मथळाही तोच दिला. रॅग्नारॉक म्हणजे हेच, असं खाली ठोकूनही दिलं.

अंक निघाल्यावर साताऱ्याहून एक पोस्टकार्ड आलं. निवृत्त संस्कृत शिक्षक. मजकूर दोन ओळींचा: "बाई, संध्या दोन असतात, सकाळचीही आणि सायंकाळचीही. आपण सांज धरलीत ती कशावरून? आणि सांज असेल तर उद्या उजाडेल, मग देव मेले कुठे?"

मला राग आला. कारण प्रश्न बरोबर होता. जर्मन डेमरुंगही दोन असतात, पहाटेची एक आणि संध्याकाळची एक, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. मी त्या कार्डाला उत्तर पाठवलं नाही. अजून ते माझ्या जर्मन कोशात आहे, 'ड'च्या पानांत.

मी जर्मनवरून मराठी केलं होतं, आणि जर्मनांनी आइसलँडच्या भाषेवरून जर्मन केलं होतं. मूळ कुणी पाहिलं? पुढं मी हळूहळू, कोशाचं बोट धरून, नॉर्स वाचायला शिकले, तेव्हा कळलं की घोटाळा जर्मनांच्याही आधीचा, खुद्द आइसलँडमधलाच आहे.

मूळ शब्दाचे दोन तुकडे. पहिला 'राग्ना'. हा 'रेगिन' या शब्दाचा षष्ठीचा प्रकार, म्हणजे 'रेगिनांचा'. रेगिन म्हणजे देव, पण एकेकटे नव्हेत. सभेला बसून निर्णय करणारे सगळे मिळून. गॉथिक भाषेत, म्हणजे जर्मन-नॉर्सच्या एका जुन्या बहिणीत, 'रागिन' म्हणजे सल्ला, ठराव. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. गोव्यात किंवा वसईत एखादा रेजिनाल्ड भेटला, रोनाल्ड भेटला, तर त्याच्या नावाचा पहिला तुकडा हाच. जर्मन 'रायनर' आणि नॉर्स 'राग्नार' ही एकाच नावाची दोन रूपं. लग्नाच्या सुटाच्या कापडावर 'रेमंड' लिहिलेलं असतं, त्यातला 'रे'सुद्धा. आता कोणी म्हणेल, रेगिन म्हणजे आपला राजाच की! नाही. वरचा नियम लावा: राजामधल्या 'ज'चा तिकडे 'क' झाला पाहिजे, आणि झालाही आहे, जर्मन 'राइख', म्हणजे राज्य, तो. रेगिनमध्ये 'ग' आहे. घर वेगळं.

दुसरा तुकडा 'रॉक'. सगळं भांडण इथं आहे.

'वोलुस्पा' नावाची एक जुनी कविता आहे, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईचं बोलणं. त्या बाईला 'वोल्वा' म्हणतात. (आइसलँडच्या लोकांना १९६०च्या दशकात संगणकाला स्वतःचा शब्द हवा होता, तेव्हा त्यांनी 'ताला' म्हणजे संख्या आणि ही वोल्वा यांची मोट बांधून 'तोल्वा' केला. आकडे सांगणारी देवऋषीण. तुमचा नातू तिच्यासमोरच बसलेला असतो.) ही वोल्वा खुद्द देवांच्या राजाला, ओदिनला, जगाचा आरंभ आणि शेवट सांगते. आरंभीच एक ओळ येते: सगळे रेगिन 'रॉकस्टोलां'वर जाऊन बसले. स्टोल म्हणजे आसन. रॉकस्टोल म्हणजे विचारविनिमय करून निकाल द्यायचं आसन. आणि तिथं बसून त्यांनी पहिलं काम काय केलं? रात्रीला नाव दिलं. मग सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना नावं दिली, वर्षं मोजता यावीत म्हणून.

ही ओळ मला सापडली तेव्हा मी कोश मिटून चहा करायला उठले. राग्नारॉकचे दोन्ही तुकडे, रेगिन आणि रॉक, त्या एका ओळीत शेजारी शेजारी बसलेले आहेत. आणि संध्याकाळ ही त्यांनी नाव ठेवलेली एक साधी वेळ आहे, त्यांच्या शेवटाचं नाव नव्हे. 'रॉक' म्हणजे घडणीचा क्रम, कारण, जे ठरलं ते, आणि म्हणून नशिबात आलेला शेवट. आजच्या आइसलँडिकमध्येही हा शब्द जिवंत आहे, युक्तिवाद किंवा कारणं या अर्थानं. तर्कशास्त्राला ते 'रॉक'वरूनच शब्द करतात. तर राग्नारॉक म्हणजे देवांचं जे व्हायचं ठरलं होतं ते.

मग संध्याकाळ आली कुठून? तिकडे दुसरा शब्द होता, 'रोक्क्र', ओठ गोल करून म्हणायचा, अर्थ काळोख पडू लागणे. बाराव्या-तेराव्या शतकात आइसलँडमध्ये या दोन शब्दांतले स्वर एकमेकांत मिसळले आणि रॉक, रोक्क्र कानाला जवळजवळ सारखे लागायला लागले. १२२०च्या सुमाराला स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या सरदारानं कवींसाठी देवकथांचं एक हातपुस्तक लिहिलं, त्यात त्यानं 'राग्नारोक्क्र' असं लिहिलं. देवांची सांज. जुन्या कवितांच्या संग्रहात हे रूप एकदाच येतं, लोकी नावाच्या खोडसाळ देवाच्या शिवीगाळीच्या कवितेत. बाकी ठिकाणी रॉक. पण स्नोरी गद्यात लिहायचा, गोष्ट छान सांगायचा, त्यामुळे युरोपनं आधी स्नोरी वाचला. जुन्या कवितांची मुख्य हस्तलिखित प्रत, वासराच्या कातड्याची, ४५ पानं शिल्लक असलेली, आइसलँडच्या एका बिशपच्या हाती लागली ती १६४३ साली. त्यानं ती डेन्मार्कच्या राजाला दिली, आणि आइसलँडला ती परत मिळाली २१ एप्रिल १९७१ला, बोटीनं. रेक्याविकच्या धक्क्यावर तेव्हा गर्दी लोटली होती. पुस्तकासाठी एवढी माणसं धक्क्यावर, हे चित्र मला फार आवडतं.

तर चूक स्नोरीची, तिच्यावर वाग्नरची मोहोर, आणि मराठीत आणणारी मी. यादीत शेवटची असले तरी संगत बरी आहे.

आता ते भलतं दार. संस्कृतचं नातं निघतं ते खऱ्या 'रॉक'शी नाही, चुकीनं आलेल्या 'रोक्क्र'शी! नियम लावा, 'क'चा 'ज' करा. रोक्क्र, गॉथिक 'रिक्विस' म्हणजे अंधार, ग्रीकांचा पाताळातला काळोख 'एरेबोस', आणि आपला 'रजस्'. रजस् म्हटलं की आपल्याला धूळ आठवते, चरणरज आठवतात, फार तर रजोगुण. पण ऋग्वेदात रजस् म्हणजे पृथ्वी आणि द्युलोक यांच्यामधलं अंधुक अंतराळ. तुम्ही ते म्हटलेलं आहे, आजोबा. नवग्रहांच्या पूजेत सूर्याचा मंत्र येतो: 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो निवेशयन्नमृतं मर्त्यं च'. पहिलं मंडल, पस्तिसावं सूक्त. काळ्या रजसातून फिरत येणारा, देवांना आणि माणसांना आपापल्या जागी विसावा देणारा सविता. गुरुजी हळद-कुंकू वाहायला सांगतात आणि आपण वाहतो. पण त्या 'रजसा'मध्ये तीच सांज आहे, जी स्नोरीच्या कानात चुकून शिरली. व्हॉट्सॲपवाल्याला हे सापडलं असतं तर त्याला रजनीच्या मागं लागावंच लागलं नसतं.

आता त्या दिवशी होतं काय, हे थोडक्यात, नातवाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल म्हणून. आधी तीन हिवाळे लागोपाठ, मध्ये उन्हाळाच नाही. भाऊ भावाला मारतो. कविता त्या काळाला कुऱ्हाडीचं युग, तलवारीचं युग, वाऱ्याचं युग, लांडग्याचं युग म्हणते. सूर्याला लांडगा गिळतो. बांधून ठेवलेला फेनरिर नावाचा लांडगा सुटतो आणि ओदिनला गिळतो. 'थोर' हा गडगडाटाचा देव समुद्रातल्या सापाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि त्याच्या विषानं पडतो.

मोठ्या लढाया सोडा, मला त्यातल्या दोन बारीक गोष्टींनी धरून ठेवलं. शत्रूची फौज येते ती 'नागल्फार' नावाच्या जहाजातून, आणि ते जहाज मेलेल्या माणसांच्या नखांचं बांधलेलं आहे. म्हणून स्नोरी बजावतो: मयताची नखं न कापता त्याला पोचवू नका, जहाजाला तेवढाच माल मिळतो. आमची आजी तिन्हीसांजेला नखं कापू द्यायची नाही. कारण विचारलं तर पाठीत धपाटा. तिला नागल्फारची खबर नव्हती, आणि दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंधही नाही. पण वाचताना पाठ शेकल्यासारखी वाटली खरी.

दुसरी, ओदिनच्या मुलाचा जोडा. विदार त्या लांडग्याच्या खालच्या जबड्यावर पाय देऊन त्याचं तोंड फाडतो. त्या पायातला जाड जोडा कशाचा, तर आजवर लोकांनी जोडे शिवताना चवड्याच्या आणि टाचेच्या जागी कापून टाकलेल्या कातड्याच्या तुकड्यांचा. ज्याला देवांना मदत करायची असेल त्यानं ते तुकडे फेकून द्यावेत. चांभाराच्या दुकानातली कतरण तिकडं देवाच्या कामी येते.

आणि साताऱ्याच्या गुरुजींचा दुसरा प्रश्न? उजाडतं. वोल्वा सांगते की पृथ्वी समुद्रातून पुन्हा हिरवीगार वर येते, धबधबे कोसळतात, गरुड मासे धरतो. जे देव उरले ते गवतात फिरत असताना त्यांना जुन्या देवांच्या पटावरच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. आधीच मेलेला ओदिनचा मुलगा बाल्दर परत येतो. पण ओदिन येत नाही, थोर येत नाही. म्हणजे सकाळ झाली, पण ती दुसऱ्यांची. आपल्याकडे मनूनं प्रत्येक युगाला पुढं संध्या आणि मागं संध्यांश जोडला, कृतयुगाला चारशे-चारशे वर्षांचा. तिथं सांज हा हिशेबाचा भाग आहे, चाक फिरतंच. ओदिनचं तसं नाही. त्याला आपला शेवट आधीपासून ठाऊक असतो, त्या बाईनंच सांगितलेला असतो, आणि तरी तो त्या सकाळी शिरस्त्राण चढवून निघतो. 'तिन्हीसांज' शब्दात हे मावत नाही. तिन्हीसांजेला आपण दिवा लावतो, शुभं करोति म्हणतो आणि जेवायला बसतो.

लेख आज पुन्हा लिहायचा तर मथळा देईन 'देवांची गत'. 'काय गत झाली बघ त्याची' असं आपण म्हणतो, तेव्हा तो कसा चालत गेला आणि कुठं जाऊन पडला, दोन्ही त्यात येतं. रॉकमध्येही दोन्ही आहे. शिवाय मेलेल्याला गती मिळाली की नाही ही काळजीही त्याच शब्दात. हा शब्द मला १९८३ साली सुचला नाही, कारण तो मला पुरेसा काव्यमय वाटला नसता.

राहिला उच्चार. 'रॅग' हे इंग्रजांचं, तिथं नातू चुकतो. आजचे आइसलँडचे लोक शेवटी जीभ 'ए'ला आणि ओठ 'ओ'ला ठेवतात. ते मराठी तोंडाला सहज जमत नाही, आणि जर्मनच्या वर्गात पोरांना असाच स्वर शिकवताना माझे तीन महिने त्यातच जात. पण स्वर मिसळायच्या आधी, म्हणजे त्या कविता रचल्या गेल्या तेव्हा, तिथं सरळ 'ऑ' होता, आपल्या 'ऑफिस'मधला. जोर पहिल्या अक्षरावर. तेव्हा तुमचा 'राग्नारॉक' नातवाच्यापेक्षा आठशे वर्षांनी जुना आहे, हसू द्या त्याला.